रशियन खासदार, उलटी मात आणि अकरा पिवळे अंक (रिव्ह्यू, ४ स्टार)

आधीच सांगून टाकतो, हा रिव्ह्यू बुद्धिबळाच्या पटाचा नाहीये, मोहऱ्यांचा पण नाही, नाहीतर लोक अर्धं वाचून विचारतात लाकूड कुठलं आहे म्हणून. मी मागवला होता जुन्या रशियन मासिकांचा गठ्ठा. ‘उराल्स्की प्रॉब्लेमिस्ट’ नावाचं मासिक आहे, पूर्ण चेस प्रॉब्लेमला वाहिलेलं, म्हणजे डाव नाहीत, ओपनिंग नाहीत, कार्लसन काय म्हणाला ते नाही, नुसती रचलेली कोडी. त्याचे जुने सुटे अंक. पोस्टेज धरून चार हजार तीनशे रुपये गेले. घरी मी अठराशे सांगितलेत, ते तसंच राहू दे.

विकणारा युरोपातला जुनी पुस्तकं विकणारा एक जण आहे, नाव देत नाही कारण पुढे तक्रारी पण करायच्या आहेत. लिस्टिंगमध्ये बारा अंक लिहिलेले, आले अकरा, आणि त्यातला एक डबल, म्हणजे वेगळे असे दहाच. पार्सल यायला नऊ आठवडे लागले, मी तर आशाच सोडलेली, आणि एके दिवशी कुरियरवाला खाली वॉचमनकडे टाकून गेला ते पण फोन न करता. उघडलं तर असा दमट वास की थेट आजोळच्या माळ्यावर गेल्यासारखं वाटलं. स्टेपलच्या पिना गंजलेल्या, दोन कव्हरं सुटलेली. विकणाऱ्याला मेल केला तर म्हणाला जुना माल आहे, जुनाच असणार. बरोबर आहे म्हणा, पण बाराचा आकडा काही जुना नव्हता.

एक स्टार तिथेच कापला. बाकीचे चार कशाचे ते आता सांगतो आणि ते सांगायचं तर आधी त्या माणसाबद्दल सांगायला लागेल ज्याच्यासाठी मी हे सगळं मागवलं.

आंद्रेई सेलिवानोव. संपादक म्हणून ह्या मासिकावर नाव असतं ते ह्याचंच. मला हा सापडला तो एका यादीत. मी सांगलीचा, लहानपणी बुद्धिबळ तिथेच शिकलो, आमच्याकडे भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासून आहे त्यामुळे गावात बुद्धिबळ खेळतो म्हटलं की कोणी वेड्यात काढत नाही. पुढे नोकरी लागली, डाव खेळायला वेळ जातो आणि हरलं की झोप पण जाते, म्हणून मी कोड्यांकडे वळलो. कोडं सोडवायला समोर कोणी लागत नाही. तर कोडी सोडवण्याची पण वर्ल्ड चॅम्पियनशिप असते हे कळलं आणि विजेत्यांची यादी बघत होतो. २००२ ला पोलंडचा पिओत्र मुर्द्झा, हा तर त्या खेळातला बादशहाच, एकूण आठ वेळा जिंकलाय. २००४ ला इंग्लंडचा जॉन नन, तो नेहमीच्या बुद्धिबळातला पण ग्रँडमास्टर. आणि मध्ये २००३ ला, स्पर्धा मॉस्कोत, विजेता आंद्रेई सेलिवानोव. हा कोण म्हणून शोधलं तर पुढे लिहिलेलं, रशियन राजकारणी.

मला वाटलं नावात घोळ आहे, दोन वेगळे सेलिवानोव असणार. पण नाही, एकच. १९६७ चा जन्म. स्टेट ड्यूमा म्हणजे रशियाच्या संसदेचं खालचं सभागृह, साडेचारशे जागांचं, तिथे हा खासदार होता. रशियन चेस फेडरेशनचा अध्यक्ष होता, २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत, ह्याच्यानंतर ती खुर्ची अलेक्झांडर झुकोवकडे गेली, तो पण राजकारणीच आणि बराच मोठा. आणि हे सगळं सांभाळून चेस कंपोझिशनचा, म्हणजे कोडी रचण्यातला, ग्रँडमास्टर. कोडी सोडवण्यातला पण ग्रँडमास्टर. आणि वर मासिक काढतो.

आता आपल्याला क्रीडा संघटनेचा अध्यक्ष म्हटलं की काय दिसतं डोळ्यासमोर, ते वेगळं सांगायला नको. नारळ, हार, शाल, ‘साहेबांना वेळ कमी आहे’, पहिल्या पटावर पहिली चाल खेळताना फोटो, आणि त्या फोटोत घोडा उलटा धरलेला. म्हणून मला हा माणूस पचेनाच. पहिल्यांदा वाटलं असेल कोणीतरी कोडी रचून देणारा, साहेबांच्या नावावर छापत असतील, आपल्याकडे पीएचड्या नाही का होत तशा. पण मग सोडवण्याचं काय. सोडवायला तर स्वतःच बसावं लागतं ना.

ती स्पर्धा कशी असते ते थोडं सांगतो, कारण ह्या माणसाला मानायचं खरं कारण माझ्या लेखी तिथे आहे. दोन दिवस, सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीत तीन कोडी, कोड्याला पाच मार्क, एकूण नव्वदचा पेपर. दोन चालीत मात करायची तीन कोडी वीस मिनिटांत. तीन चालींची तीन एका तासात. मग एंडगेम स्टडी, म्हणजे डावाच्या शेवटच्या टप्प्याची रचलेली कोडी, त्याला शंभर मिनिटं. मग हेल्पमेट पन्नास मिनिटं, लांब चालींची ऐंशी मिनिटं, आणि शेवटी सेल्फमेट पन्नास मिनिटं, हे हेल्पमेट आणि सेल्फमेट काय ते पुढे सांगतोच. कंप्युटर नाही, फोन नाही, समोर पट आणि कोरा कागद, उत्तर लिहून द्यायचं आणि एखादी व्हेरिएशन, म्हणजे काळ्याच्या उत्तरातली एखादी पोटवाट, लिहायची राहिली की मार्क कापले. एकदम दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेसारखं. इथे खासदार असलात काय आणि फेडरेशनचा माजी अध्यक्ष असलात काय, पेपर तपासणाऱ्याला त्याचं काही नाही, मुर्द्झा शेजारच्या टेबलावर बसलेला आहे आणि तो काही तुम्हाला साहेब म्हणणार नाही. आणि मॉस्को म्हणजे स्वतःचं घर, जिथे सगळे ओळखतात, जिथे पडलात तर सगळ्यांच्या समोर पडणार. पस्तिशी ओलांडलेला राजकारणी तिथे पेन घेऊन बसला आणि पहिला आला. मला सांगा, आपला कुठला अध्यक्ष आपल्याच संघटनेच्या परीक्षेला बसेल. बसायचं सोडा, परीक्षा आहे हे माहीत असलं तरी पुष्कळ.

बरं, आता कोडी रचण्याबद्दल, कारण गठ्ठा त्याचा आहे.

चेस प्रॉब्लेम म्हणजे पेपरात येतं ते ‘पांढऱ्याची चाल, दोन चालीत मात’ हे सगळ्यांना माहीत असतं. अट अशी की पहिली चाल एकच असली पाहिजे, दुसरी पण चालली तर कोडं बाद. त्याला कुक म्हणतात, कुक निघाला की रचणाऱ्याची सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. पण त्याच्या पुढे दोन अजब प्रकार आहेत. एक हेल्पमेट, ह्यात काळा आणि पांढरा दोघं मिळून काळ्याच्याच राजाला मात करतात, एकमेकांना मदत करत. आणि दुसरा सेल्फमेट, तो सेलिवानोवचा खास प्रांत, ह्या प्रकारात त्याचं नाव फार मोठं आहे. सेल्फमेटमध्ये पांढरा आधी खेळतो आणि काळ्याला जबरदस्ती करतो की बाबा मला मात कर. काळ्याला ती करायची नसते! तो जीव तोडून टाळतो. पण पांढरा त्याला एकेक शह देत, एकेक वाट बंद करत अशा कोपऱ्यात आणतो की त्याच्याकडे कायदेशीर अशी एकच चाल उरते आणि ती चाल म्हणजे पांढऱ्या राजाला मात.

पहिल्यांदा ऐकलं की येडेपणा वाटतो. मग एक सोडवून बघा. आपला वजीर, दोन हत्ती, सगळी फौज हाताशी आहे, समोरच्याकडे एक उंट आणि चार प्यादी, आणि आपल्याला हरायचंय, आणि हरता येत नाहीये. इतकं सोपं वाटणारं काम इतकं अवघड असू शकतं हे मला चाळिशीत कळलं. समोरच्याला संपवणं सोपं असतं हो, समोरच्याकडून स्वतःला बरोबर हव्या त्या चौकोनात, हव्या त्या चालीला संपवून घेणं म्हणजे त्याच्या प्रत्येक हालचालीवर तुमचा ताबा पाहिजे. राजकारणी माणसाला हाच प्रकार का आवडला असेल ह्यावर मी रात्रभर बोलू शकतो. आपल्याकडचे पुढारी पण सेल्फमेट करतातच म्हणा, फक्त ते ठरवून केलेले नसतात.

आता गंमत. रशियनमध्ये सेल्फमेटला म्हणतात ‘ओब्रात्नी मात’, म्हणजे सरळ अर्थ उलटी मात. आपला मात आणि त्यांचा मात एकच शब्द, फारसीतून दोघांकडे गेलेला. आणि हेल्पमेटला काय म्हणतात माहितीये? ‘कोऑपेराटिव्नी मात’. सहकारी मात! मी सांगलीचा माणूस, आजूबाजूला सहकारी साखर कारखाना, सहकारी बँक, सहकारी दूध संघ बघत मोठा झालो, मला हसू आवरेना. दोघं मिळून एकाच राजाला संपवायचं आणि कागदावर सगळं नियमात, ह्याला सहकारी मात ह्यापेक्षा चांगलं नाव आपल्या जिल्ह्यात पण कोणी ठेवलं नसतं.

भाषेवरून आठवलं, गठ्ठा मागवणाऱ्यांनी हे नीट वाचा नाहीतर माझ्यासारखी पहिली संध्याकाळ फुकट जाईल. पटाची चित्रं जगभर सारखीच असतात, ती रशियन न येता कळतात. पण मागच्या पानांवर उत्तरं असतात ती अक्षरांत. राजा म्हणजे ‘क्र’, घोडा नुसता ‘क’. वजीर ‘फ’, म्हणजे फेर्झ, तो पण फारसी फर्झीनवरून आलेला म्हणजे वजीरच. इथपर्यंत ठीक. मग एक अक्षर येतं जे इंग्रजी सीसारखं दिसतं पण वाचायचं स, म्हणजे स्लोन. फोनच्या भाषांतर अॅपला विचारलं स्लोन म्हणजे काय, तर म्हणालं हत्ती. झालं. मी दीड तास हत्ती हलवत बसलो आणि एकही उत्तर जुळेना, एका ठिकाणी तर हत्ती तिरका गेला, मी म्हटलं छपाईची चूक. रात्री साडेअकराला डोक्यात प्रकाश पडला की रशियन लोकांचा हत्ती म्हणजे आपला उंट. आणि आपला हत्ती म्हणजे त्यांच्याकडे लाद्या, होडी! पटावर होडी सरळ चालते आणि हत्ती तिरका. नंतर कळलं की बंगालीत पण तसंच आहे, गज म्हणजे तिरका चालणारा आणि नौका म्हणजे कोपऱ्यातली. जुन्या शतरंजमध्ये त्या तिरक्याच्या घरात हत्तीच होता, फील म्हणायचे त्याला, म्हणजे ह्या बाबतीत रशियन आणि बंगाली जुन्याला धरून आहेत आणि आपण हत्ती उचलून कोपऱ्यात नेऊन उंट आत आणला. कधी आणि का, काय माहीत, पण तेव्हापासून मी ऑफिसातल्या बंगाली सहकाऱ्याशी जरा आदराने बोलतो.

अंकांत काय काय आहे ते सांगतो. पानंच्या पानं पटांची चित्रं, प्रत्येकाखाली रचणाऱ्याचं नाव, गाव, अट, आणि कंसात किती पांढरी किती काळी मोहरी. मग स्पर्धांचे निकाल. कोडी रचण्याच्या पण स्पर्धा असतात, एक परीक्षक बसतो आणि कोणाला प्राइझ, कोणाला सन्मानाने उल्लेख, कोणाला नुसतं कौतुक असं देतो, आणि का दिलं ते दोन-तीन ओळीत लिहितो. ते शेरे मी अॅपमधून वाचले, अॅपचं भाषांतर भयंकर आहे, एके ठिकाणी ‘शुद्ध मात’चं ‘स्वच्छ शपथ’ केलंय. तरी पण त्या दोन ओळी वाचायला मजा येते, कारण परीक्षक कडक असतात. ही चाल फार जोरकस आहे, पांढऱ्याचं एक प्यादं फुकट उभं आहे, असलं बोचरं काहीतरी. प्यादं फुकट उभं राहिलेलं चालत नाही बघा तिथे. प्रत्येक मोहऱ्याला काम पाहिजे, नुसतं गर्दी करायला पटावर कोणी नको.

ग्रँडमास्टर होतात कसे ते पण मी ह्या निमित्ताने नीट समजून घेतलं, कारण मला शंका होतीच की पदावर बसलेल्याला पदवी वाटली असेल. तर फिडे (म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटना) अल्बम नावाचा प्रकार आहे, साधारण तीन-तीन वर्षांतली जगातली उत्तम कोडी निवडून त्याचं पुस्तक करतात. प्रत्येक कोड्याला तीन परीक्षक, प्रत्येकाने शून्य ते चार मार्क द्यायचे, बारापैकी आठ मिळाले तर कोडं आत. आत गेलं की रचणाऱ्याला एक पॉइंट, एंडगेम स्टडी असेल तर थोडा जास्त, आणि दोघांनी मिळून रचलं असेल तर पॉइंट वाटून. असे बारा झाले की फिडे मास्टर, पंचवीस झाले की इंटरनॅशनल मास्टर, आणि सत्तर झाले की ग्रँडमास्टर. सत्तर! आयुष्यात शेकडो कोडी रचायची, त्यातली सत्तर वेगवेगळ्या तीन-तीन परीक्षकांना आवडली पाहिजेत. मी आजपर्यंत चार रचलीत, त्यातल्या तिघांत कुक निघाला आणि चौथं कोणीतरी आधीच रचलेलं होतं. त्यामुळे मला त्या सत्तरची उंची कळते.

हा सगळा उद्योग तसा रशियात नवा नाही आणि राजकारण आणि कोडी ह्यांचं तिथलं नातं नेहमी इतकं गोड पण नव्हतं, हे सांगायलाच पाहिजे. निकोलाई क्रिलेन्को नावाचा बोल्शेविक होता, १९१७ ला लष्कराचा सरसेनापती, नंतर सरकारी वकील, नंतर कायदामंत्री, आणि १९२४ पासून सोव्हिएत बुद्धिबळाचा सर्वेसर्वा. १९२५ ची मॉस्कोची ती प्रसिद्ध स्पर्धा, गावोगावी क्लब, कारखान्यात बुद्धिबळ, हे सगळं त्याच्या काळात झालं, म्हणजे आज आपण ज्याला सोव्हिएत चेस म्हणतो त्याचा पाया ह्या माणसाने घातला. आणि त्याच वेळी लाझार झालकिंद म्हणून एक अर्थतज्ज्ञ होता, १८८६ चा, देशातल्या नावाजलेल्या प्रॉब्लेमकारांपैकी एक. १९३१ ला मेन्शेविकांवर, म्हणजे बोल्शेविकांच्या जुन्या विरोधकांवर, खटला भरला, खोटा होता तो, चौदा आरोपी, त्यात झालकिंद. आणि सरकारी वकील कोण, तर क्रिलेन्को. म्हणजे बुद्धिबळाचा मुख्य माणूस उभा राहून कोडी रचणाऱ्याला तुरुंगात पाठवतोय. झालकिंद परत आलाच नाही, १९४५ मध्ये तिकडे लांब पूर्वेला वारला. क्रिलेन्कोला पण १९३८ ला गोळी घातली, त्याच्याच लोकांनी. त्याच वर्षी आर्विद कुबेल नावाच्या अजून एका प्रॉब्लेमकाराला गोळी घातली, आणि त्याचा भाऊ लिओनिद कुबेल, जगातल्या सर्वांत मोठ्या रचनाकारांपैकी एक, तो १९४२ ला लेनिनग्राडच्या वेढ्यात गेला.

हे माहीत असताना मग ड्यूमातला खासदार उलट्या माती रचत बसतो आणि मासिकात कोणा खेड्यातल्या मास्तराचं कोडं छापतो, हे मला साधं वाटत नाही. सोव्हिएत युनियन संपलं तेव्हा सेलिवानोव चोवीस वर्षांचा असेल. राजकारणात गेलेले बुद्धिबळवाले रशियात आणखी पण आहेत, कारपोव २०११ पासून ड्यूमातच आहे, आणि कास्पारोव विरोधात जाऊन देश सोडून बसला. पण ते दोघं आधी वर्ल्ड चॅम्पियन म्हणून देव झालेले, मग राजकारणात गेले. कोडी रचणाऱ्याला कोण ओळखतं? रस्त्यात सही मागणारा एक माणूस भेटणार नाही. म्हणजे मतांसाठी तर नक्कीच करत नाही, आणि माझा पहिला संशय तिथे मेला.

आपला पण ह्या कलेशी संबंध आहे बरं का, उगीच ओढूनताणून नाही. १८१४ मध्ये मुंबईत एक पुस्तक छापलं गेलं, त्रिवेंगडाचार्य शास्त्री म्हणून होते, त्यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक, मूळ संस्कृत, छापलं इंग्रजीत, आणि त्यात कोडी आहेत. पेशवाई अजून शिल्लक होती तेव्हा! आणि १८४५ ला भारतात राहणारा एक इंग्रज पाद्री, लव्हडे नाव, त्याने लंडनच्या मासिकात एक कोडं पाठवलं, सही केली ‘शागिर्द’. त्यात पांढरा उंट मुद्दाम मागे लांब जातो, मग हत्ती त्याच्या वाटेत येऊन उभा राहतो, का तर काळ्या राजाला एक श्वास घ्यायला जागा मिळावी म्हणून, आणि राजाने श्वास घेतला की हत्ती बाजूला होतो आणि मात. त्याला आजपर्यंत जगभर इंडियन थीम म्हणतात. रशियन अंकात एका शेऱ्यात अॅपने मला ‘भारतीय विषय’ असं दाखवलं तेव्हा मी दोन मिनिटं कोणता विषय म्हणून शोधत होतो.

वापरायचं कसं, तर माझा अनुभव असा. मोबाईलवरचं नेहमीचं चेस इंजिन ह्या कामाला शून्य उपयोगाचं. मी एक सेल्फमेट त्यात टाकलं तर म्हणे पांढरा अठरा पॉइंटनी पुढे, अभिनंदन. अरे बाबा तोच तर प्रॉब्लेम आहे ना, मला मागे जायचंय. त्यासाठी पोपाय नावाचा फुकट प्रोग्राम आहे, लॅपटॉपवर चालतो, दिसायला अगदीच ओबडधोबड, काळी खिडकी आणि अक्षरं, पण त्याला सांगितलं की हे सेल्फमेट आहे चार चालींचं, तर तो बरोबर सोडवतो आणि कुक असेल तर तो पण काढून देतो. आणि वायएसीपीडीबी म्हणून फुकट डेटाबेस आहे इंटरनेटवर, त्यात लाखो कोडी, रचणाऱ्याच्या नावाने शोधता येतात, सेलिवानोव टाका आणि बघत बसा. आता तुम्ही म्हणाल सगळं फुकट असताना ह्या येड्याने चार हजार का घातले. प्रश्न बरोबर आहे, बायकोने पण विचारला असता जर खरा आकडा माहीत असता.

उत्तर असं की स्क्रीनवर मी सोडवत नाही, उत्तर बघतो. बटण समोर असलं की बोट जातंच. अंकात उत्तर मागच्या पानावर, ते पण रशियन अक्षरांत, ते पण हत्तीचा उंट करून वाचायला लागतं, त्यापेक्षा सोडवलेलं सोपं पडतं. पट मांडायचा, चहा घ्यायचा, आणि रविवारची सकाळ गेली. एका रविवारी दोन कोडी सुटली तर तो चांगला रविवार. सेलिवानोवचं नाव असलेलं एक चार चालींचं सेल्फमेट मी तीन रविवार घेऊन बसलो होतो. त्यात पांढरा वजीर पहिल्याच चालीत कोपऱ्यात जाऊन बसतो, शह नाही, मार नाही, काही नाही, आणि मी तीन रविवार शहच देत होतो कारण जबरदस्ती करायची म्हणजे शह द्यायचा असं माझ्या डोक्यात. शह न देता कोंडता येतं हे सुचलंच नाही. सुटलं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या काकूंनी वर येऊन विचारलं, क्रिकेट आहे का आज?

कोणी घ्यावं, तर ज्याला दोन-तीन चालींची साधी कोडी सहज सुटतात आणि कंटाळा आलाय त्याने. मुलांना शिकवायला घेऊ नका, त्यांना आधी जिंकायला शिकू दे, मुद्दाम हरायला नंतर. लेख वाचायचे असतील तर रशियन यायला पाहिजे किंवा माझ्यासारखी ‘स्वच्छ शपथ’ सहन करायची तयारी पाहिजे. आणि ज्यांना स्पर्धेची हौस आहे त्यांच्यासाठी, दरवर्षी जानेवारीच्या शेवटी एका रविवारी इंटरनॅशनल सॉल्व्हिंग कॉन्टेस्ट असते, २००५ पासून, जगभर एकाच दिवशी, दोन फेऱ्या, दोन-दोन तासांच्या, सहा-सहा कोडी, आणि त्यात एक तरी सेल्फमेट असतंच. ह्या अंकांवर एक वर्ष घासलंत तर त्या एका कोड्याचे मार्क तरी हातात.

विकणाऱ्याकडून परत घेईन का? घेईन, पण आधी फोटो मागवीन, प्रत्येक अंकाचा वेगळा, आणि मोजून बारा.

एक गोष्ट लिस्टिंगमध्ये नव्हती ती राहिली सांगायची. जुन्या मालकाने अंकांत पेन्सिलने खुणा केल्यात. सुटलं की बारीक टिक, आणि तारीख असावी असे आकडे. पहिल्या तीन-चार अंकांत भरपूर टिक आहेत, दोन चालींच्यांवर तर सगळ्यांवर, हेल्पमेटवर बऱ्याच, सेल्फमेटच्या पानावर कमी कमी होत जातात. डबल आलेल्या अंकाच्या एका प्रतीत खुणा आहेत, दुसरी कोरी आहे, म्हणजे त्याने पण तो अंक दोनदा घेतला किंवा कोणाला द्यायला ठेवला आणि द्यायचा राहिला. एका पाच चालींच्या उलट्या मातीवर टिक नाहीये, नुसतं प्रश्नचिन्ह, दोन वेळा गिरवलेलं, आणि शेजारी एक चाल लिहून खोडलेली. खोडलेली चाल वाचता येते, घोडा एफ पाच. मी पोपायला अजून विचारलं नाहीये. घोडा एफ पाच चुकीचं आहे एवढं मला परवा रात्री कळलं, काळ्याचा उंट सुटून जातो, पण मग बरोबर काय ते अजून नाही. पट हॉलमध्ये तसाच मांडलेला आहे, झाडू मारणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय की त्याला हात लावू नका.